हातिजेचा आवाज

सोमवार, ६ जानेवारी २०२५

"मोलकरीण वऱ्हाडी करा." सर म्हणाले. चहाचा कप खाली ठेवता ठेवता. साखर कमी टाका म्हणावं, तसं.

नवं काम मिळालंय. तुर्की चित्रपट, मराठीत डब करायचा. हलकीफुलकी प्रेमकथा. चौदा फेब्रुवारीला ओटीटीवर यायची, म्हणजे घाई. इंग्रजी संवाद आलेत, मी ओठांशी जुळवून मराठी लिहायचे. नेहमीचंच. नायक इस्तंबूलचा श्रीमंत मुलगा, नायिकेचं फुलांचं दुकान, दोघं भांडतात, शेवटी लग्न. नायकाच्या घरी एक मोलकरीण आहे – हातिजे. देशाच्या पूर्वेकडून आलेली, डोक्याला रुमाल, बोली वेगळी. ती तोंड उघडते आणि सगळे हसतात. तेवढ्यासाठीच ती चित्रपटात आहे.

"बाकीचे प्रमाण मराठी. ही वऱ्हाडी. लोक हसतात त्याला. आपल्याला जमेल ना, नम्रताबाई? नाहीतर तिकडच्या कोणा माणसाकडून तपासून घ्या."

तिकडचं माणूस!

"जमेल" म्हटलं. सहा वर्षं मी या स्टुडिओत लिहितेय. गोपाळकृष्ण सरांना वाटतं, मी इथलीच. मी तसं कधी सांगितलं नाही. तसं नाही, असंही कधी सांगितलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

आईला या कामाबद्दल बोलले नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

चित्रपट तीनदा पाहिला. छान आहे – हे कबूल करायला हवं. हसू येतं, नायिका गोड आहे. पण तिसऱ्यांदा पाहताना मी माणसं मोजत बसले. दोन तासांत इस्तंबूलमध्ये एकच गरीब बाई. एकच डोक्याला रुमाल. एकच वेगळी बोली. आणि तिन्ही मिळून एकच हातिजे! बाकी सगळ्यांच्या घरातून समुद्र दिसतो.

एका प्रसंगात ती स्वयंपाकघरात फोनवर बोलते. मोठ्यांदा. नायक दारात येतो, कानावर हात ठेवतो, लोकांनी हसायचं. वीस सेकंद. ती तुर्की बोलत नाहीये हे मलाही कळलं. इंग्रजी संवादांत तिथे फक्त कंस – परक्या भाषेत बोलते. बस. काय बोलते, कोणाशी, हे लिहिण्याची कोणाला गरज वाटलेली नाही.

आई बाल्कनीत बसली होती. खाली इमारतींमध्ये उरलेला उसाच्या शेताचा एवढासा तुकडा बघत. पुण्यात, मांजरीच्या या घरी आणल्याला पाच महिने झाले तिला. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली तिने. बाबा होते तेव्हा म्हणायचे, दुर्गाबाई बोलायला लागली की तहसीलदारही खुर्ची मागे घेतो. बाबा गेले, तिचा गुडघा गेला, मी हट्टाने इकडे आणली.

पहिल्याच आठवड्यात खाली भाजीवाल्याकडे तिने सांबार मागितला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. तो म्हणाला, "आजी, सांबार हॉटेलात मिळतो, इडलीबरोबर." रांगेतल्या बायका हसल्या. वाईट मनाने नाही. पण आता ती भाजी बोट दाखवून घेते. शब्द न बोलता. मी पाहिलंय.

शनिवार, ११ जानेवारी

हातिजेचे सगळे संवाद एका बैठकीत लिहून झाले! इतरांच्या एकेका वाक्याशी अर्धा अर्धा तास झटते. हिचं आपोआप उतरत गेलं. काहून, कायले, मले, तुले. अठरा वर्षं बंद ठेवलेला नळ.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या क्लासमधला तो दिवस आठवला. मी उभी राहून म्हटलं, "सर, हे काहून असं आलं?" मग वर्षभर माझं नावच काहून. तीन महिन्यांत मी सगळं घासून काढलं. नंतर पदवीदान समारंभाला आई आली, तेव्हा गेटवरच तिला सांगितलं – "इथं असं बोलू नको." ती दिवसभर बोललीच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तुझी आई किती शांत आहे गं!

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ. सोसायटीतल्या बायका आल्या. आई सगळ्यांकडे बघून हसली. एक शब्द नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

फुटलं सगळं.

हातिजेसाठी स्पृहाला घेतलंय. नाटकात काम करणारी मुलगी, सव्वीसची, आवाज हवा तसा वाकवते. पण तिची वऱ्हाडी म्हणजे – प्रत्येक वाक्याला "व माय", नाकातून सूर, आणि एक बावळट ओढ. ध्वनिमुद्रण करणारा दिग्विजय काचेमागे पोट धरून हसत होता. सरही खूश.

मासे वाढण्याचा प्रसंग. नायकाची आई मासे खायची छोटी सुरी मागते, हातिजे भला मोठा सुरा आणून ठेवते. स्पृहाने तिथलं वाक्य असं म्हटलं, की वाटावं हातिजेच्या डोक्यात भुसा भरलाय.

मी काचेपलीकडे बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं. "स्पृहा, असं नाही कोणी बोलत. ऐक." आणि म्हणून दाखवलं. साधं. आमच्या घरात बोलतात तसं.

दिग्विजय वळून बघतोय.

"आपण कुठल्या?" सरांनी विचारलं.

"दारव्ह्याच्या. यवतमाळ जिल्हा."

"सहा वर्षं आम्हाला कळू दिलं नाहीत. उत्तम अभिनय. मग या मुलीला कशाला बोलावलं आपण?"

टोमणा होता की कौतुक, त्यांचं कधी कळत नाही. मी मान खाली घालून बसले. स्पृहा बाहेर आली आणि माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "ताई, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं." तिने कशाची माफी मागावी? लिहिलं तर मी होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज आईला सांगितलं. वाटलं, चिडेल. म्हणाली, "दाखव बरं."

लॅपटॉपवर दोन तास पाहिला तिने. तुर्की. एक अक्षर कळत नाही तरी! मध्ये मध्ये मी सांगत होते. सुऱ्याच्या प्रसंगाला ती एकदम हसली – पाच महिन्यांत पहिल्यांदा असं, आवाज करून.

"हे बाई सगळ्याइहून हुशार हाय, नमू."

"हुशार? आई, ती वेंधळी दाखवलीय."

"नाही व. तिचे डोये पाह्य नं. त्या मालकिणीले मुद्दाम सुरा आणून देल्ला तिनं. थे सगळ्याइची मजा पाहून राह्यली अन् याइले वाटते, आपणच तिची मजा पाहून राह्यलो."

मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. डोळे पाहिले. आई बरोबर होती. तीनदा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं.

मग फोनचा प्रसंग आला. "कोनाशी बोलते थे?"

"माहीत नाही. लिहिलेलं नाही."

"मंग तू कसं लिवलं?"

मी लिहिलंच नाहीये. तिथे नुसती बडबड टाकायची ठरली आहे. तिला तसं सांगितलं नाही. "विचारते कोणाला तरी" म्हटलं.

सोमवार, २० जानेवारी

दिग्विजयच्या इमारतीत एक परदेशी मुलगी राहते. रोजीन. कुर्द आहे, इराकमधल्या दुहोक शहराची, इथे फार्मसी शिकते. त्याने गाठ घालून दिली. मोबाइलवर वीस सेकंद ऐकवले. तिने लगेच मान हलवली. तिचीच भाषा – कुर्दी.

हिंदी-इंग्रजी मिसळून तिने एकेक शब्द सांगितला. मी लिहून घेतलं – आई, जेवले मी. हो, इथे थंडी आहे. नाही, माणसं चांगली आहेत. तू गोळी घेतलीस का? सुनेशी भांडू नकोस. मी येते.

एवढंच. एवढ्यावर लोकांनी हसायचं होतं.

रोजीन म्हणाली, "शब्द बरोबर आहेत. पण ही या नटीची भाषा नाही. पाठ केलंय तिने." म्हणजे तिकडेही! खरी हातिजे तिकडेही कोणी शोधली नव्हती. मग तिने विचारलं, पुन्हा लावाल? दोनदा ऐकलं तिने. म्हणाली, पाठ केलेलं असलं तरी. तुर्की प्रेमकथेत आपली भाषा पहिल्यांदा ऐकतेय.

मंगळवार, २१ जानेवारी

सरांना म्हटलं – हातिजेसाठी माझ्या आईचा आवाज घेऊन पाहू. एकदाच. नाही जमलं तर स्पृहा आहेच.

"आईंना अभिनयाचा अनुभव?"

"एकतीस वर्षं अंगणवाडी."

"म्हणजे आमच्यापेक्षा जास्त," सर म्हणाले. "आणा."

बुधवार, २२ जानेवारी

नीट लिहायला हवं.

आईने जांभळी साडी नेसली. घरून रिक्षाच केली, गुडघ्यासाठी. हेडफोन घालताना पदर मध्ये येत होता, स्पृहाने नीट करून दिला. "काकू, लाल दिवा लागला की बोलायचं." स्पृहाचं काम जाणार होतं आणि तीच पाणी आणून देत होती. विसरायचं नाही हे.

पहिल्या दोन ओळी फसल्या. आई पुस्तकी बोलायला लागली – "मी आणते, बाईसाहेब." माझ्यासमोर, पुण्यातल्या लोकांसमोर, ती आपली जीभ आवरून घेत होती. मी आत गेले. तिच्या कानातला हेडफोन बाजूला करून म्हटलं, "माय, तुह्यासारखी बोल. आपल्या घरी बोलते तशी."

तिने माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी मी तिला माय म्हटलं!

मग सुरा. "मासा तं मेलेलाच हाय, बाईसाहेब. त्याले काय समजते, कोंत्या सुरीनं कापलं थे?" इतकं सरळ, इतकं थंड, की काचेमागे सगळे हसले – आणि हसले ते मालकिणीला. तेच माझे शब्द. एक अक्षर बदललं नव्हतं. स्पृहा माझ्या कानात म्हणाली, "मी हे मूर्खासारखं का केलं?"

मग फोनचा प्रसंग घेतला. सर म्हणाले, "इथे काहीही पुटपुटलात तरी चालेल, संवादांच्या यादीत ही ओळच नाही." मी आईला कागद दिला. तिने वाचला. चष्मा काढला. कागद बाजूला ठेवला.

"माय, जेवली मी. हो, थंडी हाय अथी. नाही व, चांगले हायेत लोकं. तू गोळी घेतली का? सुनेसंगं भांडू नोको. येतो मी."

एकदाच. दोन शब्द ओठांच्या पुढे गेले, दिग्विजय म्हणाला, मी जुळवतो, पुन्हा घेऊ नका.

सरांनी लगेच संहितेची पानं उलटली. मग – "पुढचा प्रसंग." आवाज नेहमीसारखा कोरडा. पण पान चुकीचं काढलं होतं त्यांनी.

गुरुवार, २३ जानेवारी

आईने सकाळी गावाला सात फोन केले. मी मोजले. "चौदा तारखेले पाहा. घरातलं काम मीच करून राह्यली त्याच्यात!" भाजीवाल्याकडेही गेली. काय बोलली माहीत नाही, पण बोलली. पिशवी भरून परत आली.

रविवार, २ फेब्रुवारी

आई दिवसभर बोलतेय. लिफ्टमध्ये, जिन्यात, पाणी सोडणाऱ्याशी. मला कामं सुचत नाहीत तिच्या बडबडीने! किती बरं वाटतंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खराडीहून ओटीटी कंपनीचा माणूस आला. अभिनव. तिशीच्या आतला, नम्र, लॅपटॉप छातीशी धरलेला. त्यांनी काही प्रेक्षकांना चित्रपट दाखवून पाहिला होता.

"मॅम, ओव्हरऑल सुपर रिस्पॉन्स आहे. फक्त तो मेडचा आवाज – खूप रिअल वाटतोय. लोकांना हसायला ऑकवर्ड होतंय. रोम-कॉम आहे ना, कॉमेडी लँड व्हायला हवी."

सर म्हणाले, "अहो, माणूस खरा वाटला ही तक्रार मी आयुष्यात प्रथमच ऐकतोय."

"सर, मला पर्सनली आवडला. पण ब्रीफमध्ये फनी ॲक्सेंट लिहिलं होतं."

स्पृहाच्या आवाजात पुन्हा करायचं. पहिलं जसं होतं तसं. फोनचा प्रसंग तेवढा राहील – तिथे संवादच नाही म्हणे, मग कशाला बदला! बदलाला लेखिकेची मंजुरी लागते. माझी.

सर माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर त्यांनी साथ दिली असती – आता वाटतं, दिली असती. मी पेन मागितलं आणि सही केली. का? भांडण नको. पुढचं काम नको जायला. अभिनवसमोर "आईचा आवाज आहे हो" म्हणायची लाज. यातलं कोणतं, मलाच माहीत नाही.

संध्याकाळी स्पृहाचा फोन. "ताई, मी नाही म्हणू का?"

"नको. तू नाही केलंस तर दुसरी कोणी करेल."

घरी आल्यावर आईने विचारलं, "झालं का फायनल?" "झालं" म्हटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. ती शेजारच्या नीरजावहिनींना आमंत्रण देत होती. चिवडा करणार आहे म्हणे. नाही सांगू शकले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चिवडा झाला. मी नाही बोलले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नऊ बायका आल्या. आईने खुर्च्या मांडल्या, जांभळी साडी. गावाकडे अंगणवाडीत मोबाइलवर बायका बसल्या होत्या, त्यांचे मेसेज येत होते.

विसाव्या मिनिटाला हातिजे आली. तोंड उघडलं. "व माय, बाईसाह्येब!" – नाकातून. ती ओढ.

आई हलली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नीरजावहिनी म्हणाल्या, "अय्या काकू, टीव्हीत तुमचा आवाज किती वेगळा वाटतो!"

आणि आई म्हणाली, "हो. मशीनमंधून जाते नं."

तिने मला झाकलं. नऊ बायकांसमोर, लगेच, विचार न करता. बायका हसत राहिल्या, सुऱ्याला तर टाळ्या पडल्या. आईही हसली. तिचं ते हसू मी जन्मभर विसरणार नाही.

मग फोनचा प्रसंग. वीस सेकंद. माय, जेवली मी. खोलीतलं हसू थांबलं. कोणीतरी म्हणालं, "हे किती वेगळंच बोलली नाही?" आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

सगळ्या गेल्यावर तिने बशा गोळा केल्या.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पाच तारखेपासून. सही मीच केली."

ती बशी पुसत राहिली. "सांगाले पाह्यजे होतं, नमू. मी बायकाइले बोलावलं नसतं."

शनिवार, १५ फेब्रुवारी

गावाहून एकही फोन नाही. की तीच उचलत नाही?

बुधवार, १९ फेब्रुवारी

आई गेली गावाला. "गुडघा बरा हाय आता," म्हणाली. गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभी राहून मी म्हटलं, "माझ्यावर राग आहे ना?"

"राग नाही व. तुह्या कॉलेजात गेटापाशी तूनं मले सांगतलं होतं, असं बोलू नोको. आता कंपनीनं सांगतलं. माह्याकरता येकच हाय थे." मग माझ्या गालाला हात लावला. "पन थ्या खोलीत तू मले माय म्हनली. थे खरं होतं नं?"

गाडी सुटली. परत येताना बसमध्ये रडले. लोक बघत होते. बघू देत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नवा तुर्की चित्रपट आलाय. पुन्हा प्रेमकथा. नायिका आर्किटेक्ट, डोंगराकडच्या गावातून इस्तंबूलला आलेली. मूळ तुर्कीत ती शुद्ध बोलते. सूचना – सगळे प्रमाण मराठी.

चार दिवस झाले, लिहितेय.

सोमवार, ३ मार्च

सकाळी संहिता सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं. आर्किटेक्ट बाई भर सभेत मालकाला म्हणते, "हा नकाशा मले पटला नाही. पुन्हा काढा."

"ही नायिका आहे, नम्रताबाई."

"हो सर."

"खराडीकर मान्य करणार नाहीत."

"मंजुरीची सही माझी लागते. दुसऱ्या कशावर मी करणार नाही."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मग पान उलटलं. दुसरं वाचलं. तिसरं.

"आवाज कोणाचा?"

"माहा," म्हटलं.